नागवेकर मॅडमना संशय येतो तेव्हा

आमच्या कामात किस्से साठतात ते काम बंद असताना. हायड्रोजन भरण्याआधी सगळ्या नळ्यांमधून नायट्रोजन सोडून आतली हवा हाकलावी लागते. टेस्ट झाली की पुन्हा नायट्रोजन सोडून उरलेला हायड्रोजन हाकलायचा. ते चालू असताना कुणी आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, मोबाईल तर गेटवरच जमा. मग माणसं करणार काय? बोलणार. मी इथे लागलो तेव्हाचे किस्से अजून रोज कुणीतरी सांगत असतं, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. मी सांगतोय ते माझ्यासमोर घडलेले आहेत, त्यामुळे भर कमी असेल.

रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर आमची टेस्ट साइट आहे. रॉकेटच्या इंजिनाला लागणारे व्हॉल्व, होज, सील आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्यातून दाबाखाली हायड्रोजन सोडतो आणि कुठे गळतंय का बघतो. मी कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसतो. साळवी टेक्निशियन, लांज्याकडचे. नळ्या जोडणं, सोडवणं, साबणाच्या पाण्याने तपासणं हे त्यांचं. आणि आमच्या दोघांवर, किंबहुना सगळ्या जगावर लक्ष ठेवणाऱ्या म्हणजे नागवेकर मॅडम, सेफ्टी इनचार्ज.

मॅडम भाट्याच्या. वडिलांची होडी होती. केमिस्ट्री शिकल्या, मग बरीच वर्षं केमिकल कंपनीत काढली. तिथे त्यांनी काय बघितलं ते त्या कधी सांगत नाहीत. पण संशय घेणं हा त्यांचा स्वभाव आहे की नोकरी, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

* * *

माझा पहिला दिवस. आईने नवीन शर्ट घेतला होता, चकचकीत, इस्त्री न करता चालणारा. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो, नमस्कार केला. त्यांनी नमस्कार घेतला नाही. उठून आल्या आणि माझी बाही दोन बोटांत धरून चोळली.

"टेरिलीन आहे का रे?"

"माहीत नाही मॅडम. आईने आणलाय."

"मागे वळ."

वळलो. त्यांनी कॉलर उलटी करून लेबल वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, "काढ."

मला वाटलं, रॅगिंग आहे. पण साळवींनी सुती डगला आणून दिला. मग मॅडमनी समजावलं. असला कपडा अंगावर घासला की स्थिर वीज तयार होते. अंधारात शर्ट काढताना चटचट होतं ना, तेवढी ठिणगी हायड्रोजनला पुरते. तेवढीही नको, त्याहून कमी पुरते.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "शर्ट आवडला का ऑफिसात?"

म्हटलं, "आल्या आल्या काढूनच घेतला."

* * *

आमच्या टेस्ट शेडचं छप्पर मुद्दाम अर्धवट ठेवलेलं आहे. आढ्यापाशी दोन्ही उतारांच्या मध्ये लांबच्या लांब फट आहे. हायड्रोजन हवेहून कितीतरी हलका, सुटला की सरळ वर जातो. त्याला बाहेर जायला वाट हवी. वर कोंडला की आपण छपराखाली बॉम्ब टांगून काम करतोय असं समजायचं. त्या फटीतून पाऊस आत येतो. येऊ दे. खाली उतार काढून गटार केलेलं आहे.

एका श्रावणात टेस्ट ठरलेली होती. बाहेर धो धो चालू. साळवी जोडणी करून आले, मी स्क्रीन लावला, क्लायंटचे लोक फोनवर वाट बघत होते. मॅडम शेवटची फेरी मारायला शेडमध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दारापर्यंत गेलो. त्या मधोमध उभ्या होत्या, छत्री मिटलेली, नजर पायाशी.

"महेश, फरशी कोरडी का आहे?"

मीही बघितलं. खरंच कोरडी होती. आम्ही सकाळपासून तिथे ये-जा करत होतो आणि सगळ्यांना बरंच वाटत होतं.

त्यांनी वर बघितलं. आढ्यावर निळं प्लास्टिक, वरून पत्र्याच्या पट्ट्या, नीट स्क्रू मारून बसवलेलं. कंत्राटदाराने कँटीनची गळती काढताना, माणसं वर चढलीच आहेत तर, म्हणून हेही काम करून टाकलं होतं. न सांगता. वर शिल्लक माल होता म्हणे.

टेस्ट रद्द झाली. मॅडमनी कंत्राटदाराला बोलावलं. तो बिचारा शाबासकीच्या अपेक्षेने आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन साळवींना म्हणाला, "इतकी वर्षं छपरं करतोय. गळतंय म्हणून शिव्या खाल्ल्यात. गळत नाय म्हणून आजच खाल्ल्या."

* * *

हा पुढचा किस्सा साळवी समोर असले की सांगत नाही. आज नाहीत.

आमच्याकडे हातात धरायचं गळती शोधायचं यंत्र आहे. अगदी नगण्य हायड्रोजन असला तरी पीं करतं. एकदा पुण्याहून आलेल्या एका होजची तपासणी चालू होती. साळवी नळीजवळ वाकलेले, मॅडम यंत्र घेऊन मागे. पहिल्या जोडापाशी पीं झालं. साळवींनी जोड आवळला, साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. दुसऱ्या जोडापाशी गेले. तिथे पीं. पहिल्या जोडापाशी आता शांत.

"गळती सरकतेय," क्लायंटचा माणूस म्हणाला. तो घाबरला होता आणि त्याला दोष देता येणार नाही.

मॅडमनी सप्लाय तोडायला लावला. लाईन नायट्रोजनने धुतली. आता नळीत हायड्रोजन असणंच शक्य नव्हतं. तरी तिसऱ्या जोडापाशी पीं. यंत्र बिघडलं म्हणावं तर उघड्यावर नेलं की गप्प. मॅडमचा चेहरा असा झाला की जणू त्यांना आता नायट्रोजनवर, नायट्रोजन पुरवणाऱ्यावर, होजवर आणि पुण्यावर, सगळ्यांवर संशय आलाय.

मग त्यांनी साळवींना शेडच्या बाहेर पाठवलं. यंत्र गप्प झालं. साळवींना आत बोलावलं. पीं.

मॅडम त्यांना बाजूला घेऊन गेल्या. मी जवळच होतो म्हणून ऐकलं.

"साळवी, काल रात्री काय जेवलात?"

साळवी चपापले. "वालाची उसळ. का मॅडम?"

"आणि सकाळी?"

"उरलेली होती ती."

मॅडम केमिस्ट्रीच्या. माणसाच्या पोटात वाल-पावट्यांपासून जो वायू होतो त्यात हायड्रोजन असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. क्लायंटला रिपोर्टमध्ये काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मॅडमनी लिहिलं, 'बाह्य स्रोत. दूर करण्यात आला.'

तेव्हापासून टेस्टच्या आदल्या दिवशी आमच्या कँटीनला वाल शिजत नाहीत.

* * *

आमच्या कंपाउंडला लागून दत्ताराम भाऊंची हापूसची बाग आहे. मॅडमना आमच्यावर जेवढा संशय, तेवढा दत्ताराम भाऊंना आमच्या साइटवर. एका वर्षी ते मोहोराचे काळवंडलेले तुरे घेऊन गेटवर आले.

"ह्यो मोहोर तुमच्या गॅसनं जाळलान."

मॅडमनी त्यांना आत आणलं, खुर्ची दिली, सरबत दिलं. हायड्रोजन सुटला की वर जातो, झाडांवर उतरत नाही, हे समजावलं. तुडतुड्याची कीड पडली असेल, हेही सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं.

"वास येतो त्याला?"

"नाही."

"रंग?"

"नाही."

"पेटला तर दिसतो?"

"उन्हात दिसत नाही."

भाऊंनी सरबत संपवलं. मग म्हणाले, "म्हणजे देवचारच म्हणा की, न दिसणारं भूत. आमी निदान त्याला वर्षाला नारळ देताव. तुमी काय देता?"

मॅडम भाऊंना पोचवायला गेटपर्यंत गेल्या आणि तिथे अचानक थांबल्या. आता त्यांच्या नाकाला वास आला होता. धुराचा. भाऊंनी तुडतुड्यासाठी बागेत सुकं गवत पेटवून धुरी घातली होती, बरोबर आमच्या कुंपणाला लागून. आणि आमची चिमणी, म्हणजे गॅस बाहेर सोडायचा पाइप, त्याच कोपऱ्यात.

"भाऊ, ही आग कधी घातलीत?"

"रोजच घालतो. का?"

मॅडम खालीच बसल्या, गेटच्या दगडावर.

त्या दिवशी दोघांचा तह झाला. आम्ही गॅस सोडण्याआधी भाऊंना फोन करायचा, भाऊंनी धुरी घालण्याआधी मॅडमना. दोघंही तो तंतोतंत पाळतात, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. मॅडम बागेच्या बाजूच्या खिडकीचा पडदा कधी लावत नाहीत. आणि भाऊंचा फोन येतो, "आज सोडणार नाय म्हणालात. मग आत्ता शिट्टी कसली झाली?"

"कुकरची, भाऊ. कँटीन."

"किती शिट्ट्या व्हायच्यात अजून?"

* * *

माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस. शहरातला एक छोटा हॉल घेतला होता. फुगेवाला दारातच सिलिंडर घेऊन बसला होता, आणि छताला लागून फुगेच फुगे, दोऱ्या खाली लोंबतायत, पोरं त्यांना झोंबतायत. टेबलावर केक, त्यावर मेणबत्ती, वर पंख्याजवळ फुग्यांचा घोस. फोटो फार छान येत होते.

मॅडम उशिरा आल्या. हातात भेटीचा डबा. माझ्याकडे न येता त्या फुगेवाल्यापाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, फुगा घेतायत मुलीसाठी. त्यांनी डबा खाली ठेवला आणि सिलिंडरला तळहात लावला. काढला. परत लावला.

"हेलियम आहे का हो?"

"हेलियमच, ताई."

"गॅस सोडताना हेलियमचा सिलिंडर गार पडतो. तुमचा कोमट आहे."

फुगेवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर. तो पळणार असं मला वाटलं, पण तो पळाला नाही. हळूच म्हणाला, "घरीच भरतो. कॉस्टिक नि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे. हेलियम परवडत नाय, ताई. सगळेच करतात."

म्हणजे फुग्यांत हायड्रोजन होता. मॅडम आवाज चढवत नाहीत. त्या माझ्या बायकोपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मेणबत्ती पेटवलेली नाही ना अजून? काडेपेटी माझ्याकडे दे." मग मला, "पंखा, दिवे, कशालाही हात लावू नका. आहे तसं राहू दे. मुलांना अंगणात ने. खेळ आहे म्हणून सांग."

आम्ही साताठ मोठी माणसं दोऱ्या धरून एकेक घोस बाहेर आणत होतो आणि मॅडम तो सोडून देत होत्या. पोरांना वाटलं, हाच कार्यक्रम. टाळ्या वाजवत होती. फक्त माझी मुलगी रडत होती, कारण फुगे तिचे होते.

फुगेवाल्याला मॅडमनी हॉलच्या मागे नेऊन सिलिंडर मोकळा करायला लावला, आणि तो होईपर्यंत त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. ते काय बोलले माहीत नाही. पण तो माणूस आता बाजारात कागदी पताका आणि भिरभिरी विकतो. मॅडम दिसल्या की पलीकडच्या फुटपाथवर जातो.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. मॅडम घरी आल्या की ती अजून आपली खेळणी आत नेऊन ठेवते.

* * *

एक छोटा. आमच्या चिमणीच्या शेजारी एक बारीक नळी आहे, तिच्यातून नायट्रोजन सतत थोडा थोडा चिमणीत वाहतो, म्हणजे बाहेरची हवा तिथे उलटी आत शिरत नाही. एका सकाळी मॅडम तिथे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आज कमी बोलतेय." आम्हाला काहीच फरक ऐकू येत नव्हता. नळी सोडवली तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, पक्कं. नळी जवळजवळ बुजलेली. चिमणीत हवा शिरून हायड्रोजनमध्ये मिसळली असती तर पुढचं सांगायला नको.

क्लायंटची विचारणा आली, 'दोषास जबाबदार कोण, आणि त्याच्यावर काय कारवाई केली?'

मॅडमनी कळवलं, 'कुंभारमाशी. तोंडाला जाळी बसवली आहे.'

उलट टपाली विचारणा आली, 'कोणाच्या तोंडाला?'

* * *

आता शेवटचा. पुण्याचे जोगळेकर म्हणून एक इंजिनिअर यायचे. अतिशय हुशार माणूस, स्वतः डिझाइन केलेलं पॅनेल स्वतः घेऊन यायचे, साळवींच्या बरोबरीने पाने-पक्कड हातात घ्यायचे. आम्हाला ते आवडायचे. मासे आवडीने खायचे. रत्नागिरीला यायचं निम्मं कारण तेच, असं म्हणायचे.

ऑक्टोबर होता. दुपारचं ऊन असं की जांभ्या दगडाच्या भिंतीला हात लावला तर चटका बसेल. जोगळेकरांचं नवीन पॅनेल मोठं होतं, आणि ते नेमकं ज्वाळा ओळखणाऱ्या सेन्सरच्या समोर आडवं आलं होतं, म्हणजे त्याच्यामागचं सेन्सरला दिसणार नव्हतं. मॅडमनी सकाळीच हरकत घेतली. जोगळेकर म्हणाले, आत्ताची टेस्ट छोटी आहे, जेवणानंतर हलवतो. बाकीचे सेन्सर होते. मॅडमना ते पटलं नव्हतं, पण टेस्ट झाली, आणि चांगली झाली.

मी सप्लाय बंद केला. स्क्रीनवर 'बंद' आलं. दाब शून्यावर आला. मी वॉकीटॉकीवर तसं सांगितलं आणि हातातला वॉकीटॉकी घेऊन बाहेर आलो. नायट्रोजन सोडायच्या आधी जोगळेकरांना पॅनेलवरचा दाबाचा गेज डोळ्यांनी बघायचा होता. मॅडम "थांबा" म्हणेपर्यंत ते पिवळी रेघ ओलांडून आत गेले, वाकले, गेजवर बोटाने टकटक केलं आणि परत आले.

"झिरो," ते म्हणाले. कपाळ पुसलं. "आत केवढं गरम होतंय हो. तुमचा ऑक्टोबर भयंकर आहे."

मॅडम पॅनेलच्या मागच्या भिंतीकडे बघत होत्या. जांभ्याची भिंत, त्यात चुन्याची पांढरी सांध. मी त्यांच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. मला भिंत दिसली.

"महेश, ती सांध सरळ आहे का रे?"

"सरळच आहे मॅडम."

"नीट बघ. एका जागी हलतेय."

मग मलाही वाटलं की हलतेय. उन्हात डांबरी रस्ता हलतो तशी. पण ऊनच होतं ना ते. कॉम्प्रेसर चालू होता, वारा होता, ऐकू काही येत नव्हतं.

"मॅडम, उन्हाने होतं," जोगळेकर समजुतीने म्हणाले. "दोन्हीकडे झिरो आहे. स्क्रीनवर आणि गेजवर. आणि मी आत्ता आत जाऊन आलोय."

मॅडमनी शेडच्या कोपऱ्यातला खराटा घेतला. नारळाच्या झावळीच्या हिरांचा, म्हणजे काड्यांचा, लांब बांबूला बांधलेला, अंगण झाडायचा असतो तसा. तो पुढे धरून त्या सावकाश चालू लागल्या. पावलागणिक खराटा खाली-वर, खाली-वर. जोगळेकरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू नव्हतं, त्यांना कुणाचा अपमान करायचा नव्हता. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पॅनेल यायला हातभर अंतर असताना खराट्याचं टोक पेटलं. समोर काहीही नव्हतं. हवा होती, आणि हवेत काड्या धडधडून पेटल्या.

"महेश, बाहेरचा मेन कॉक," मॅडम म्हणाल्या. मागे वळल्याही नाहीत. "पळू नको. चालत जा."

मी चालत गेलो. कसा गेलो ते मला आठवत नाही. सिलिंडरांजवळचा मुख्य कॉक हाताने आवळला. परत आलो तेव्हा साळवींनी खराटा पाण्याच्या बादलीत बुडवला होता आणि भिंतीवरची सांध सरळ झाली होती. मग नायट्रोजन सोडला. नंतर उघडून बघितलं तेव्हा सगळं कळलं. माझ्या स्क्रीनवर बंद दिसणारा व्हॉल्व आतून पूर्ण मिटलेला नव्हता. त्यातून झिरपणारा गॅस पॅनेलच्या मागच्या एका जोडातून बाहेर पडून जळत होता. जोगळेकरांनी बोटाने टकटक केलेला गेज त्या जोडापासून एका वितीवर होता.

जेवायला कँटीनला बसलो. बांगड्याचं तिखलं होतं, झणझणीत कालवण. जोगळेकर नेहमीच्या खुर्चीवर बसले, ताट समोर आलं, आणि ते बसूनच राहिले. पाण्याचा ग्लास त्यांनी डाव्या हाताने उचलला. उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता.

साळवी म्हणाले, "सर, घ्या ना. गार होतोय."

"हो, हो."

त्यांनी उजवा हात वर आणला, उजेडात धरला, बोटं एकेक करून मिटली, उघडली. मग पुन्हा टेबलाखाली नेला.